भिंतीवरचा नंबर

मेहरूणच्या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याला, पत्र्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या बेबाबाईला कोणी समुपदेशक म्हटलं असतं, तर तिने हातातलं लाटणं खाली ठेवून आधी विचारलं असतं, की बाबा, ही शिवी तर नाही ना? सातवी नापास बाई. माहेर धुळे तालुक्यातलं, बोलणं सगळं अहिराणी. जळगावात येऊन तीस वर्षं झाली तरी ते तिने बदललं नाही, आणि बदलावं असं तिला कधी वाटलंही नाही. तरी सलग तीन वर्षं दोन जिल्ह्यांतल्या नशेला लागलेल्या पोरांचे फोन या बाईने उचलले. कागदावर मात्र ती शेवटपर्यंत 'स्वयंपाकी, एक पद, मानधनावर' एवढीच राहिली.

झालं ते असं. पंधरा खाटांचं एक व्यसनमुक्ती केंद्र होतं. संस्था चालवायची आणि सरकार अनुदान द्यायचं. म्हणजे द्यायचं तेव्हा द्यायचं. समुपदेशकाची दोन पदं मंजूर होती. त्यातलं एक कधी भरलंच नाही. दुसऱ्यावर एक हुशार, गोड मुलगी आली होती. तिने सहा महिने बिनपगारी काढले, सातव्या महिन्यात सगळ्यांच्या पाया पडून ती नाशिकला निघून गेली. राहिला हेल्पलाइनचा फोन. साधा बटणांचा मोबाइल. त्या इमारतीत रेंज यायची ती फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत, म्हणून फोन तिथेच, मिठाच्या बरणीशेजारी ठेवलेला असायचा. वाजला की जो जवळ असेल त्याने उचलायचा. आणि जवळ कोण असणार? जिचे हात कणकेत आहेत ती.

फोन कसा घ्यायचा याचा एक छापील कागद भिंतीला चिकटवलेला होता. नाव विचारू नये. वय विचारावं. नशा कशाची, किती वर्षांपासून, घरी कोण कोण, अशी चौदा कलमं. बेबाबाईने त्यातलं पहिलं तेवढं कलम पाळलं. नाव तिने कधी कुणाला विचारलं नाही. बाकीची तेरा तिला वाचायला चष्मा लागायचा, आणि चष्मा शोधेपर्यंत पोरगा फोन ठेवून द्यायचा. म्हणून ती आपली विचारायची, "जेवना का रे भाऊ?" समोरचा उपदेश ऐकायच्या तयारीत दात आवळून बसलेला असायचा. या प्रश्नाचं काय करायचं ते त्याला कळायचं नाही. कुणी हसायचं, कुणी रडायचं, कुणी रागाने फोन आपटायचं आणि दुसऱ्या दिवशी परत फोन करून काय जेवलो ते सांगायचं. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की फोनवरून येऊन भरती होणारी पोरं वाढली आहेत. त्यांनी कौतुकाने विचारलं, "बाई, तुम्ही नेमकं काय बोलता हो?" ती म्हणाली, "आज भाजी काय करी ते सांगस."

आता हा नंबर पोरांना मिळायचा कुठून, तर भिंतींवरून. आणि भिंती रंगवल्या होत्या बेबाबाईच्याच नवऱ्याने, भाईदासने. भाईदास पेंटर. दुकानांच्या पाट्या, शाळेतले सुविचार, निवडणुकीच्या भिंती, सगळं त्याच्या हातचं. फ्लेक्स आले आणि त्याचा धंदा बसला. अशात केंद्राकडून एकशे चाळीस गावांत हेल्पलाइनचा नंबर रंगवायचं काम आलं आणि गडी असा खूश झाला, जसं काही त्याला मंदिराचा कळस रंगवायला दिलाय. पिवळी जमीन, निळी अक्षरं, आणि रंग ऑइलपेंट. साहेब म्हणाले होते साध्या रंगात उरका. हा म्हणाला, "साहेब, दहा वर्षं हलणार नाही असं करून देतो." दहा वर्षं कुणी मागितलीच नव्हती. अनुदान एका वर्षाचं होतं.

तर असाच एका एसटीच्या थांब्यावरचा नंबर बघून त्या पोराने पहिला फोन केला. पारोळ्याच्या पलीकडे, धुळ्याच्या अंगाला गाव, वय विशीच्या आतबाहेर, आयटीआय अर्धं सोडलेलं, एवढंच तिला कळलं. गोळ्या खायचा, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या प्यायचा. स्वतःचा फोन त्याने कधीच फुंकून टाकला होता, म्हणून दर वेळी नव्या माणसाच्या फोनवरून बोलायचा. बोलणं मात्र हसरं. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "अक्का, तू सरकारी शे का खासगी?"

"मी उसनी शे," बेबाबाई म्हणाली.

त्यावर तो असा हसला, की तिलाही हसू आलं आणि तव्यावरची पोळी करपली.

आठ-दहा वेळा तरी त्याचा फोन आला असेल. काही दिवस मध्ये कोरडे जायचे आणि ती भाजी चिरता चिरता खिडकीकडे बघत राहायची. सगळी पोरं सारखीच, असं म्हणायची पद्धत आहे. तसं नसतं. एखाद्यात जीव अडकतोच. भरती व्हायला तो आधी कबूल नव्हता. हळूहळू झाला. झाला तेव्हा पंधराच्या पंधरा खाटा भरलेल्या होत्या.

मग श्रावण आला. खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते. पुण्यामुंबईला, सुरतेला पांगलेले भाऊबंद त्या दिवसासाठी गावी येतात. आदल्या दिवशी देवीच्या नैवेद्याच्या रोटाचे, म्हणजे जाड पोळ्यांचे, गहू काढतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. वडीलधारं माणूस एकेकाचं नाव घेतं आणि बाया गहू टाकतात. गेल्या महिन्यात जन्मलेल्या पोराचीसुद्धा मूठ पडते. हा रोट बाहेरच्या माणसाला देत नाहीत. ज्याच्या नावाची मूठ पडली तो घरचा, असा सरळ हिशेब.

त्या शनिवारी दुपारी त्याचा फोन आला, तेव्हा तो हसत नव्हता.

"अक्का, आज मुठी काढ्यात. नऊ. माले सोडीसन नऊ."

त्याच्या मोठ्या काकाने बजावून सांगितलं होतं, की गोळ्यांसाठी घरातली भांडी विकणाऱ्याची मूठ या घरात पडणार नाही. तो ओट्यावर बसून ऐकत होता. नऊ नावं झाली आणि सूप उचललं गेलं.

बेबाबाईने आजवर कुणाला वचन दिलं नव्हतं. केंद्रातल्या गोष्टी आपल्या हातात नसतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी मात्र तिच्या तोंडून निघून गेलं. "सोमवारले खाट रिकामी व्हई. तू ये. मी शे ना आठे, केंद्रमा."

सोमवारी सकाळी अकराला वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. पुढील वर्षाचं अनुदान अद्याप मंजूर नाही, तरी नवीन रुग्ण दाखल करून घेऊ नयेत. आणि बाराला फोन वाजला. तो जळगावच्या नव्या स्टँडवर उतरला होता. पिशवीत दोन कपडे घेऊन आला होता. कुठे येऊ म्हणून विचारत होता.

ती धावत व्यवस्थापकांकडे गेली. ते बिचारे स्वतःच डोक्याला हात लावून बसले होते. म्हणाले, "आठ दिवसांत येईल अनुदान. त्याला आठ दिवसांनी बोलवा." तिने परत येऊन फोनवर तसंच सांगितलं. पोरगा बरं म्हणाला. आठ दिवसांनी त्याने फोन केला. पुन्हा आठ दिवस. तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "अक्का, सरकारना आठवडा कितला दिनना ऱ्हास?"

त्यानंतर त्याचा फोन आला नाही.

बेबाबाईला पुढे वर्षभर एकच गोष्ट कुरतडत राहिली. त्या सोमवारी तो स्टँडवर होता. स्टँड केंद्रापासून फार तर तीन किलोमीटर. रिक्षा करून ती गेली असती, त्याला घरी आणून जेवू घातलं असतं, भाईदासच्या शेजारी गोधडी टाकून आठ काय पंधरा दिवस ठेवलं असतं, तर कुणी अडवलं असतं का? कुणी नाही. तिला ते सुचलंच नाही. सरकारी पत्र म्हटल्यावर तिची अक्कल चुलीत गेली, असं ती स्वतःच म्हणायची, आणि म्हणताना तिचे डोळे भरायचे.

महिन्याभरात केंद्राला कुलूप लागलं. सामानाची यादी करायला दोन माणसं आली. खाटा पंधरा, पंखे सात, कुकर दोन, असं सगळं त्यांनी लिहिलं. फोन खिडकीत होता आणि खिडकी कोणत्याच पानावर नव्हती. बेबाबाईने तो पिशवीत टाकला. तिला ती चोरी वाटली नाही. एकशे चाळीस भिंतींवर नंबर आहे, तो कुणीतरी उचलायला नको?

मग ती कॉलेजच्या पोरांना डबे करून द्यायला लागली आणि फोन तिच्या कमरेच्या पिशवीत राहायला लागला. रिचार्ज भाईदास करायचा, न सांगता. फोन अजूनही यायचे. यावलहून, अमळनेरहून, कधी शिरपूरहून. सरकारी दवाखान्यात मानसिक आजाराचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते तिने पाठ केलं होतं, ते ती सांगायची. खाट विचारली की मात्र तिचा आवाज खाली यायचा. आणि फोन वाजला की दर वेळी, दर खेपेला, 'हॅलो' ऐकू येईपर्यंतच्या त्या एका क्षणात तिला वाटायचं, की तोच असेल. शेवटचा फोन ज्या नंबरवरून आला होता तो तिने लावून पाहिला. पारोळ्याच्या स्टँडवरचा चहावाला निघाला. "असे दहा जण रोज फोन मागता, माय," तो म्हणाला. जळगावच्या स्टँडवर गेली की पारोळ्याच्या गाडीतून उतरणारी पोरं ती न्याहाळायची. चेहरा तिने कधी पाहिलेलाच नव्हता, तरी न्याहाळायची. धुळ्याला दिलेली तिची लेक नूतन चिडायची. "आई, तू माझ्या फोनची एवढी वाट कधी पाहिली नाहीस." ते खोटं नव्हतं.

अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर, ऐन वैशाखात, एक फोन आला. बाईचा आवाज. नमस्कार नाही, काही नाही.

"तूच का ती अक्का?"

"हा."

"मन्हा पोऱ्याले कथा दपाडी ठेवं तुनी?"

माझ्या पोराला कुठे लपवून ठेवलंस, एवढं विचारून मग जे सुरू झालं ते इथे लिहिण्याजोगं नाही. बेबाबाईच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. त्या बाईने सणासाठी घर सारवायला काढलं होतं. भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, तर मागे कोळशाने लिहिलेला नंबर आणि खाली 'अक्का'. आपल्या पोराला गोळ्या विकणारी, त्याला नादी लावून पळवून नेणारी हीच ती बया, अशी तिची खात्री झालेली. बेबाबाई ऐकत राहिली. तिला शिव्यांचं काही वाटत नव्हतं. ती डब्यांच्या रांगेत खाली बसली. कोणीतरी त्याला ओळखणारं माणूस या जगात आहे, हे ऐकूनच ती रडायला लागली. तिचं रडणं ऐकून पलीकडच्या शिव्या थांबल्या.

हळूहळू सगळं उलगडलं. त्या बाईचं नाव यशोदाबाई. नवरा नाही, जेठाच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, एकत्र घरात राहणारी. पोरगा कानबाईनंतर महिन्याभरातच घरातून गेला होता. कुणी सुरत म्हणे, कुणी नाशिक. बेबाबाईने आपण कोण ते सांगितलं, स्टँडवरचा सोमवार सांगितला, आठ दिवसांचं सांगितलं. आणि मग, विचारू नये ते विचारलं.

"यशोदाबाई, त्यानी मूठ का काढी नही वं तुम्ही?"

यशोदाबाई हलक्या आवाजात म्हणाली, की काढली होती. रुपचंद आबांनी, म्हणजे तिच्या जेठांनी, नऊ मोजल्या. दहावी तिने पदराच्या गाठीत बांधली आणि दळण घेऊन चक्कीवर गेली तेव्हा गव्हात सोडली. घरात कुणाला कळलं असतं तर आबांनी रोट मोडला असता, म्हणून ती कुणाला बोलली नाही. पोरालाही नाही. नशेत तो कुठेही बोलून जाईल, अशी तिला भीती होती.

"दहाच व्हत्यात अक्का," यशोदाबाई म्हणाली. "त्याले माहीत नही."

त्या दिवसापासून वाट बघणाऱ्या दोघी झाल्या. यशोदाबाई दर चार दिवसांनी फोन करायची. "उना का फोन?" "नही वं माय." एवढंच. पण दोघींनाही ते लागायचं. बेबाबाईला आता त्या पोराला सांगण्यासारखी एक गोष्ट होती, आणि ती सांगायला तोच नव्हता. रात्रंदिवस ते एक वाक्य ती जिभेवर घेऊन फिरत होती. तो घरचाच आहे, नऊ नव्हे दहा होत्या, एवढं त्याच्या कानावर पडलं तर तो परत येईल, असं तिला मनापासून वाटायचं. खरंच आला असता की नाही, देव जाणे. पण तिला वाटायचं.

आषाढात सरकारला जाग आली. नवी योजना, नवं अनुदान, तेही तीन वर्षांचं एकदम. केंद्र उघडणार, खाटा पंचवीस, समुपदेशक चार. श्रेयांस नावाचा एक तरुण अधिकारी प्रकल्पावर आला. जळगावच्याच व्यापारी घरातला, दुकान सोडून हे शिकून आलेला, कामाला वाघ. त्याने जुन्या माणसांना शोधून काढलं आणि स्वतः बेबाबाईच्या दारात येऊन उभा राहिला.

"अक्का, स्वयंपाकघर तुमचंच. पगार दर महिन्याला, खात्यात. फक्त तो जुना फोन जमा करावा लागेल."

हेल्पलाइनला आता नवा, बिनपैशाचा नंबर मिळाला होता. चोवीस तास शिकलेली माणसं बसणार होती. जुनं सिम संस्थेच्या कुण्या सोडून गेलेल्या विश्वस्ताच्या नावावर होतं, ते बंद करणं भाग होतं. दोन नंबर राहिले तर गोंधळ होईल. आणि जुन्या भिंती पुसून त्यावर नवा नंबर रंगवायचं काम कुणाला द्यायचं? भाईदासला. एकशे चाळीसच्या एकशे चाळीस.

त्या संध्याकाळी नवरा-बायको जेवायला बसले आणि कुणीच जेवलं नाही. भाईदास म्हणाला, "मी नाही म्हणून सांगतो. माझ्या हाताने मी नाही पुसणार."

"आनी दुसरा पुसी त्यानं काय?"

"मग सिम देऊच नको. हरवलं म्हण."

तिने त्याचाही विचार केला होता. खोटं बोलायला ती काही राजा हरिश्चंद्राच्या घरातली नव्हती. पण आठवड्यापूर्वीच एका सकाळी उठून पाहते तो फोनवर चार मिस्ड कॉल. रात्री दोनचे. दिवसभर डबे करून ती मेल्यासारखी झोपली होती. तिने उलटा फोन लावला तर बंद. संध्याकाळपर्यंत बंद. तो कुणाचा पोरगा होता, त्याचं पुढे काय झालं, तिला कधीच कळणार नव्हतं. एका पोराच्या आशेवर आपण बाकीच्यांना झोपलेल्या बाईच्या हवाली करतो आहोत, हे तिला त्या दिवशी कळलं होतं. पंचवीस खाटा. चोवीस तास माणसं. हेच तर ती वर्षभर देवाकडे मागत होती.

दुसऱ्या दिवशी ती श्रेयांसकडे गेली. "फोन देस. पन कानबाई व्हऊ द्या. त्याना फोन उना ते त्याच दिन येई."

"कोणाचा?"

तिला नाव सांगता येईना. तिने यशोदाबाईलाही ते विचारलं नव्हतं, आणि तीही 'मन्हा पोऱ्या' म्हणायची तेवढंच. भिंतीवरच्या कागदाचं पहिलं कलम. त्याने स्वतः सांगितलं तरच ऐकायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं.

श्रेयांसने कॅलेंडर पाहिलं. म्हणाला, "कानबाईनंतरच्या सोमवारी माझ्या टेबलावर पाहिजे. त्यापुढे मला उत्तर द्यावं लागेल." माणूस बरा होता.

केंद्र उघडलं. खाटा भरू लागल्या. भाईदास रोज डबा आणि बादली घेऊन जायचा आणि मान खाली घालून परत यायचा. पारोळ्याकडची गावं त्याने सगळ्यात शेवटी ठेवली.

कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी, बेबाबाई पहिल्या गाडीने यशोदाबाईच्या गावी निघाली. यशोदाबाईनेच बोलावलं होतं. फोन आलाच तर आपण जवळ असावं, त्याचा आवाज आपल्या कानी पडावा, एवढंच तिचं म्हणणं. दोघी पहिल्यांदाच भेटत होत्या. यशोदाबाई अंगाने अगदी काटकी निघाली. फोनवर शिव्या देणारी ती हीच का, असं बेबाबाईला वाटून गेलं. यशोदाबाईने तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

रोटाचे गहू काढताना बाहेरच्या माणसाने आत बसायचं नसतं. बेबाबाई ओट्यावर बसली. फोन मांडीवर. एक वर्षापूर्वी तो बहुधा इथेच बसला असेल, हे तिच्या मनात आलं आणि तिने ते बाजूला सारलं. दार उघडं होतं. आत सगळा गोतावळा जमलेला. सुरतेचे दीर, पुण्याचा पुतण्या, कडेवरची पोरं. यशोदाबाई आज स्वतः सुपापाशी बसली होती. रुपचंद आबा खांबाला टेकून एकेक नाव घेऊ लागले. नाव झालं की मूठ पडायची. आठ. नऊ.

आबांनी हात जोडले. सूप उचलायला पुढे आलेल्या सुनेला यशोदाबाईने थांबवलं. तिने गव्हात हात घातला, मूठ भरली आणि मोठ्याने, ओट्यावरच काय गल्लीत ऐकू जाईल अशी म्हणाली, "कुंदन."

बेबाबाईने ते नाव पहिल्यांदा ऐकलं. कुंदन. तिने ते ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं.

आबांचा चेहरा ताठ झाला. ते काही बोलणार, एवढ्यात ओट्यावर फोन वाजला.

अनोळखी नंबर. घाईत बेबाबाईचं बटण दोनदा चुकलं. तिने फोन कानाला लावला. तरुण पोराचा आवाज होता, घाबरा, अडखळणारा. नंबर भिंतीवर पाहिला म्हणाला. फोन करायला चार महिने लागले म्हणाला. त्याला भरती व्हायचं होतं, जागा मिळेल का, असं तो विचारत होता.

दुसराच होता. चोपड्याकडचा कुणीतरी.

बेबाबाईने डोळे मिटले. मग आवाज तिने सावरला. "ये रे भाऊ," ती म्हणाली. "उद्याच ये. खाट शे. नही, आठ दिन नही, उद्याच. जळगावले उतर आणि उतरताच माले फोन कर, मी स्वतः स्टँडवर लेवाले येस."

यशोदाबाईने आतून तेवढंच ऐकलं. ये रे भाऊ, उद्याच ये. ती उठली, माणसांतून वाट काढत धावत ओट्यावर आली. मूठ अजून आवळलेली, बोटांच्या फटींतून गहू गळत होते. तिच्या मागे दारात आबाही येऊन उभे राहिले.

"तोच व्हता ना? कुंदन व्हता ना?"

बेबाबाईला मान वर करवेना. पण खोटं बोलणं तिच्याने झालं नाही.

"नही वं माय. दुसरीना पोऱ्या व्हता."

यशोदाबाई गल्लीच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि बेबाबाईच्या शेजारी ओट्यावर बसली.

"येई का तो उद्या?"

"येई."

"मग त्याले सांग अक्का," यशोदाबाई म्हणाली, "पहिले घर मायले फोन कर म्हना."